चंद्र कोणाच्या सातबाऱ्यावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



माणसाने चंद्रावर पुन्हा जावे काय, हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. कांद्याचे भाव, कंत्राटी कामगार, पीकविमा असे विषय सोडून हा सेवानिवृत्त प्राध्यापक आकाशाकडे का पाहू लागला, असेही कोणी मनात म्हटले असेल. त्यांना मी एवढेच सांगतो की आज मी जे बोलणार आहे ते बव्हंशी जमिनीविषयीच आहे.

डिसेंबर १९७२ मध्ये 'अपोलो-१७'चे यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावरून निघाले. त्यानंतर त्या मातीवर माणसाचे पाऊल उमटलेले नाही. त्याआधीच्या साडेतीन वर्षांत एकंदर बारा माणसे तेथे उतरून परत आली; ती सर्व अमेरिकन होती. आता अमेरिकेने 'आर्टेमिस' या नावाने माणूस पुन्हा उतरविण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. चीनने २०३० पर्यंत आपला माणूस उतरविण्याचे जाहीर केले आहे. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर पाठविण्याचे उद्दिष्ट अवकाश खात्यापुढे ठेवले आहे. तेव्हा हा प्रश्न आता केवळ दुसऱ्यांच्या दारातला राहिलेला नाही.

या प्रश्नावर आपल्या चळवळीचे ठरलेले उत्तर आहे: आधी भाकर, मग चंद्र. या उत्तरामागची भावना मी मोलाची मानतो. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ते उत्तर अपुरे वाटते, आणि ते का अपुरे आहे हे इतिहासानेच दाखवून दिले आहे.

१५ जुलै १९६९ रोजी, म्हणजे 'अपोलो-११'च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी हे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना बरोबर घेऊन फ्लॉरिडातील प्रक्षेपणतळावर गेले. उपाशी मुले घरात असताना देशाने चंद्रावर एवढा पैसा का उधळावा, हा त्यांचा सवाल होता. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना उघड्या माळावर येऊन भेटले. उद्या कळ न दाबल्याने गरिबांचे प्रश्न सुटणार असतील तर आम्ही ती दाबणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. उत्तर चतुर होते यात शंका नाही, आणि सत्ताधारी वर्गाची चतुर उत्तरे आपण दुरूनच ऐकावीत. परंतु पुढे काय झाले ते पाहा. १९६६ साली अमेरिकेच्या संघराज्य खर्चात नासाचा वाटा चार टक्क्यांहून अधिक होता. १९७५ च्या सुमारास तो एका टक्क्यावर आला. चंद्रावरील पुढच्या मोहिमा १९७० सालीच रद्द झाल्या. एके काळी या कार्यक्रमात सुमारे चार लाख माणसे राबत होती. त्यांतील हजारोंना घरी बसावे लागले. आणि वाचलेला पैसा? तो ॲबरनॅथींच्या खेचरगाडीत कोणी आणून टाकला नाही. व्हिएतनामचे युद्ध तर चालूच होते.

यातून एक साधी गोष्ट निघते. शासनाच्या तिजोरीत एका खात्याचा पैसा वाचला म्हणजे तो आपोआप गरिबाकडे वाहत जात नाही. तो कोणाकडे जाईल हे वर्गीय बळ ठरविते. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे 'चांद्रयान-२'चे 'विक्रम' चंद्रावर कोसळले आणि देश हळहळला. त्या मोहिमेचा खर्च सुमारे ९७८ कोटी रुपये होता. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० सप्टेंबर रोजी, अर्थमंत्र्यांनी गोव्यात कंपनी-कर कमी केल्याची घोषणा केली. त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, असा शासनाचाच अंदाज होता. म्हणजे एका वर्षात जवळजवळ दीडशे चांद्रयाने कंपन्यांच्या ताळेबंदांत अलगद उतरली. त्यांबद्दल मात्र कोणी रात्र जागून काढली नाही. 'चांद्रयान-३'ला सुमारे ६१५ कोटी लागले. दरडोई हिशेब केला तर चार-साडेचार रुपये. एवढ्या पैशात २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले यान चंद्राच्या ६९ अंश दक्षिण अक्षांशाजवळ उतरले. या खर्चाविरुद्ध भाकरीचा युक्तिवाद उभा करणारा कार्यकर्ता चुकीच्या दारावर धरणे धरून बसतो.

परंतु यंत्र पाठविणे वेगळे आणि माणूस पाठविणे वेगळे. माणसाला श्वास लागतो, पाणी लागते, आणि मुख्य म्हणजे त्याला परत आणावे लागते. 'गगनयान' कार्यक्रमाला, भावी अंतराळस्थानकाच्या पहिल्या भागासह, सप्टेंबर २०२४ मध्ये २०,१९३ कोटींची मंजुरी मिळाली; आणि गगनयानाची झेप पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरांचीच आहे. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर आहे. त्याच महिन्यात मंजूर झालेल्या 'चांद्रयान-४'ला, जे चंद्रावरची माती घेऊन परत येणार आहे, २,१०४ कोटी लागणार आहेत. अमेरिकेत नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२१-२२ साली सांगितले की आर्टेमिसचा खर्च २०२५ पर्यंत ९३ अब्ज डॉलरवर जाईल आणि पहिल्या चार उड्डाणांपैकी प्रत्येकाला ४.१ अब्ज डॉलर पडतील. तेव्हा हा खर्च कोणत्या हेतूने, हे विचारण्याचा हक्क करदात्याला निश्चित आहे.

विज्ञान हा एक हेतू सांगितला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. श्मिट हे भूवैज्ञानिक होते. चंद्रावर गेलेल्या बारांमधले एकमेव व्यावसायिक शास्त्रज्ञ. एका विवराच्या काठी त्यांना नारिंगी माती दिसली आणि तिचे महत्त्व त्यांच्या शिक्षित डोळ्यांनी जागच्या जागी ओळखले. ते ज्वालामुखीतून उडालेल्या काचेचे अतिप्राचीन कण होते. त्या काळच्या अशाच कणांत २००८ साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी, पाण्याचा अंश सापडला. सर्नन आणि श्मिट यांनी तीन दिवसांत आपल्या गाडीतून सुमारे ३५ किलोमीटरांचा फेरा मारला. मंगळावर २००४ साली उतरलेल्या 'ऑपॉर्च्युनिटी' या यंत्रगाडीला तेवढे अंतर कापावयास २०१३ चा मे महिना उजाडला. सहा अपोलो मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली; सोव्हिएत संघाच्या तीन 'लूना' यानांनी माणसावाचून आणली ती सारी मिळून सुमारे ३०० ग्रॅम. माणूस गेल्याने विज्ञानाचा लाभ होतो, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मात्र पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्र आणि आजचे यंत्र यांत फार अंतर पडले आहे. चीनच्या 'चांग-अ-६' यानाने जून २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या, पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूवरून १,९३५ ग्रॅम माती आणली, आणि त्यासाठी एकाही माणसाचा जीव टांगणीला लागला नाही. केवळ विज्ञानासाठी जावयाचे असेल तर आज घाई करण्याचे कारण दिसत नाही. दहा यंत्रे आधी पाठवावीत, काय मिळते ते पाहावे, आणि माणसाच्या डोळ्यांवाचून अडते आहे असे दिसले म्हणजे माणूस पाठवावा.

मग घाई कशाची? मागच्या वेळी ती कशाची होती हे आता लपून राहिलेले नाही. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी अध्यक्ष केनेडी यांचे नासाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी जे बोलणे झाले त्याची ध्वनिफीत उपलब्ध आहे. आपल्याला अवकाशात तितकेसे स्वारस्य नाही, रशियाला मागे टाकणे हा मुद्दा आहे, हे केनेडी तीत स्वच्छ सांगतात. वेब बिचारे विज्ञानाची बाजू मांडत राहिले. गंमत अशी की याच केनेडींनी पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९६३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत चंद्रावर दोन्ही देशांनी मिळून जावे असा प्रस्ताव मांडला. दोन महिन्यांत त्यांचा खून झाला आणि प्रस्तावही त्यांच्याबरोबर गेला.

या वेळी प्रतिष्ठेच्या स्पर्धेत एक नवी गोष्ट मिसळली आहे, आणि येथे मी माझ्या विषयाकडे येतो. सर्वांचे लक्ष चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे लागले आहे. तेथे सूर्य क्षितिजालगत फिरतो. त्यामुळे काही खोल विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षे ऊन पोहोचलेले नाही आणि तेथे बर्फ साठून राहिला आहे. उलट त्याच विवरांच्या काठांवरील काही उंचवट्यांवर वर्षातील बहुतेक काळ ऊन असते. 'शॅकल्टन' नावाचे विवर, सुमारे २१ किलोमीटर रुंद आणि ४ किलोमीटर खोल, हे त्याचे ठळक उदाहरण. चंद्रावर पाण्याचा माग काढण्यात आपल्या 'चांद्रयान-१'चा मोठा वाटा आहे. त्यावर बसविलेल्या अमेरिकी उपकरणाच्या आधारे २००९ मध्ये तो शोध जाहीर झाला. पाण्यापासून प्राणवायू मिळतो, इंधन मिळते. उन्हापासून वीज मिळते. पाणी आणि ऊन जेथे शेजारी शेजारी आहेत अशा जागा मात्र मोजक्याच आहेत.

आपल्यापैकी ज्यांनी रिकार्डो वाचला असेल त्यांच्या ध्यानात आले असेलच. १८१७ साली त्याने मांडले की खंड हा जमिनीच्या औदार्यातून येत नाही, चांगल्या जमिनीच्या चणचणीतून येतो. साऱ्या चंद्राचे क्षेत्रफळ आफ्रिका खंडाहून मोठे आहे, पण त्यातील बागायत तेवढी थोडकी. जो तेथे आधी पोहोचेल तो मागून येणाऱ्याकडून खंड वसूल करील. मग तो पैशात घेईल, इंधनात घेईल किंवा राजकीय मिंधेपणात घेईल. घाईचे कारण हे आहे, असे माझे मत आहे. हीलियम-३ च्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांवर माझा विश्वास नाही. हजार टन माती चाळावी तेव्हा काही ग्रॅम हाती लागावयाचे, आणि ते जाळणारी व्यापारी भट्टी जगात कोठेही अस्तित्वात नाही. भागभांडवल गोळा करणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत ते शोभून दिसते.

कोणी म्हणेल, चंद्र कोणाच्या मालकीचा नाही असा करार आहे ना? आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. पण त्या करारात खाणीतून काढलेल्या मालाविषयी स्पष्ट शब्द नाहीत. ती फट बुजविण्यासाठी १९७९ चा चांद्र करार झाला आणि त्यात चंद्र व त्यावरील संपत्ती हा मानवजातीचा समाईक वारसा आहे असे लिहिले गेले. १९८४ साली तो अंमलात आला, पण त्यात सामील झालेली राष्ट्रे वीसदेखील नाहीत. सौदी अरेबिया तर सामील होऊन २०२४ मध्ये बाहेर पडला. अमेरिका त्यात नाही. सोव्हिएत संघही त्यात नव्हता आणि चीनही नाही, हे आपण आपल्या घरातल्या घरात तरी बोलले पाहिजे. समाईक वारशाची भाषा व्यासपीठावर बोलणे सोपे असते. भारताने १९८२ साली सही केली आणि अनुसमर्थन आजवर दिलेले नाही.

फटीतून काय आत आले ते पाहा. २०१५ साली अमेरिकेने कायदा करून आपल्या नागरिकांना अवकाशातून काढलेल्या मालावर मालकी आणि विक्रीचा हक्क दिला. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती, जपान यांनी तसेच कायदे केले. एप्रिल २०२० च्या अध्यक्षीय आदेशात अमेरिका अवकाशाला जगाची सामाईक मालमत्ता मानीत नाही असे उघड म्हटले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात नासाने चार कंपन्यांशी चंद्रावरची मूठभर माती विकत घेण्याचे करार केले; त्यांतील एका कंपनीची किंमत होती एक डॉलर. ही माती पृथ्वीवर आणावयाचीही नव्हती. कंपनीने ती चंद्रावरच गोळा करावी, छायाचित्र दाखवावे आणि मालकी कागदावर नासाकडे द्यावी, एवढाच व्यवहार. एका डॉलरला माती विकत घेण्यात कोणाला काय मिळाले? वहिवाट मिळाली. एकदा खरेदीखत झाले की विकणारा मालक होता हे गृहीत धरले जाते. तलाठ्याकडे खेपा घातलेल्या आपल्या शेतकरी कार्यकर्त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

ऑक्टोबर २०२० च्या 'आर्टेमिस' करारनाम्यात आणखी दोन कलमे आहेत. एकानुसार माल काढणे म्हणजे प्रदेश बळकावणे असे मुळातच ठरत नाही. दुसऱ्यानुसार प्रत्येकाला आपल्या कामाभोवती 'सुरक्षा क्षेत्र' जाहीर करता येते. ते तात्पुरते असेल, इतरांना वाट मोकळी राहील, असे लिहिले आहे. ते लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी मी काही म्हणत नाही. पण शॅकल्टनच्या काठावर उन्हाची जागाच थोडी. तिच्याभोवती क्षेत्र आखले की दुसऱ्याला उरते काय? कोकणात खोत हा मुळात सरकारचा सारा गोळा करून भरणारा माणूस होता. दोन-चार पिढ्या गेल्या आणि तो गावाचा धनी होऊन बसला. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले. कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. आणि हे क्षेत्र आखणारे कोण असतील? माणसे चंद्रावर उतरविण्याचे कंत्राट २०२१ साली स्पेसएक्सला २.८९ अब्ज डॉलरांना मिळाले आणि २०२३ साली ब्लू ओरिजिनला ३.४ अब्ज डॉलरांना. पैसा करदात्यांचा आहे. वाहन, अनुभव आणि वहिवाट मात्र जगातल्या दोन अतिश्रीमंतांच्या कंपन्यांची राहील.

या करारनाम्यावर भारताने जून २०२३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सही केली. म्हणजे एका दप्तरात चंद्र समाईक वारसा असल्याची १९८२ ची सही आणि दुसऱ्या दप्तरात ही. दोन्हींपैकी आपले म्हणणे कोणते?

यावर पर्याय नाही असे मात्र नाही, आणि त्याचा एक धागा आपल्या गोव्यातून जातो. १९६७ साली माल्टाचे प्रतिनिधी आर्विड पार्डो यांनी खोल समुद्रतळ हा मानवजातीचा समाईक वारसा मानावा असे संयुक्त राष्ट्रांत मांडले. जानेवारी १९८१ मध्ये दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने समुद्रतळावरून धातूंचे गोळे वर काढले. १९८७ साली मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरांचे क्षेत्र भारताला अग्रणी गुंतवणूकदार म्हणून मिळाले. असा मान मिळविणारा भारत हा पहिला देश. या व्यवस्थेतील युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. अर्जदाराने सारख्या मोलाचे दोन तुकडे शोधून द्यावयाचे. एक त्याला, दुसरा विकसनशील देशांसाठी आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाकडे राखीव. आजीने दोन नातवंडांत लाडू वाटावा तशी ही रीत. एकाने तोडावयाचा आणि दुसऱ्याने आधी उचलावयाचा, म्हणजे तोडणारा हात आपोआप सरळ राहतो. १९९४ च्या दुरुस्तीने श्रीमंत देशांनी ही व्यवस्था बरीच पातळ केली. तरी क्षेत्र राखून ठेवण्याचे तत्त्व टिकले. अंटार्क्टिकात तर १९९१ च्या माद्रिद मसुद्याने खाणकामच बंद केले आणि विज्ञान चालू ठेवले. भारताची संशोधनकेंद्रे तेथे आहेत. त्यांच्याभोवती भारताने सातबारा मागितलेला नाही.

तेव्हा माणसाने जावे काय, याचे माझे उत्तर असे: जावे. माणसाची जिज्ञासा ही श्रीमंतांची खासगी मालमत्ता नाही, आणि झोपडीतल्या मुलालाही चंद्र हवाच असतो. पण आधी नियम व्हावा आणि मग माणूस जावा. २०४० ही तारीख कोणत्याही विज्ञानाने ठरविलेली नाही. विक्रम साराभाईंनी १९६८ साली थुंबा येथे बजावले होते की चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाणे यांत श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याची स्वप्ने आपण पाहत नाही. समाजाच्या खऱ्या प्रश्नांना प्रगत तंत्रज्ञान लावण्यात मात्र आपण कोणाच्या मागे राहता कामा नये. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम दाखविणारा प्रयोग त्याच विचारातून झाला. तेव्हाची इस्रो आणि आजची इस्रो यांत यशाचे अंतर आहे तसे हेतूचेही आहे. फेब्रुवारी २०२४ पासून उपग्रहांच्या क्षेत्रात ७४ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवल आपोआप येऊ शकते. सार्वजनिक पैशाने साठ वर्षांत उभे केलेले ज्ञान कोणत्या अटींवर खासगी हातांत जाते आहे, याचा हिशेब आपल्या खासदारांनी मागितला पाहिजे.

रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५८ साली स्थापन झालेला हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना. श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपणतळासाठी त्याने अवजड सामग्री घडविली. 'चांद्रयान-३' उतरले तेव्हा तेथील कामगारांचे सुमारे दीड वर्षाचे पगार थकलेले होते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ते दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. शासनाने संसदेत खुलासा केला की 'चांद्रयान-३'साठी म्हणून या कारखान्याला कोणतेही काम दिलेले नव्हते. सामग्री दिली होती ती २००३ ते २०१० या काळात. खुलासा शब्दशः बरोबर असेल. यान मात्र श्रीहरिकोट्याहूनच उडाले.

संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीत २०२१ पासून एक कार्यगट याच प्रश्नावर, म्हणजे अवकाशातील संपत्ती कोणी, कशी आणि कोणत्या नियमाने वापरावी यावर, काम करीत आहे. त्याचे नियोजित काम २०२७ पर्यंतचे आहे. तेथे भारताने १९८२ च्या सहीला जागून बोलावे, चांद्र करार संसदेपुढे अनुसमर्थनासाठी आणावा आणि तोवर कोणत्याही 'सुरक्षा क्षेत्रा'ला मान्यता देऊ नये, असा ठराव मी या अभ्यासवर्गापुढे ठेवीत आहे. त्याचा मसुदा सरचिटणीसांकडे दिला आहे. दुरुस्त्या असतील तर त्या चर्चेच्या वेळी लेखी द्याव्यात.